हौशी कोण? नौकास्पर्धांच्या इतिहासातील एक कलम

वकिली करणाऱ्या माणसास एक खोड जडते. कोणत्याही संस्थेची नियमावली हाती आली की तो उद्देशांचे पान बाजूस सारतो आणि सभासदत्वाचे कलम उघडतो. उद्देश सर्वांचेच उदात्त असतात. परंतु संस्था खरोखर कोणाची आहे, तिच्या दारात कोणास उभे राहू द्यावयाचे आणि कोणास नाही, हे त्या दुसऱ्या कलमातच कळते. देवस्थानांच्या व मंडळांच्या घटना तपासताना आम्हांस हा अनुभव वारंवार आला आहे. आज वाचकांपुढे ठेवीत आहोत तो इतिहास मात्र देवळाचा नव्हे, नदीवरचा आहे. एका खेळाच्या नियमावलीतील एका कलमाने जवळजवळ साठ वर्षे काय केले आणि ते कसे पुसले गेले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वल्हवणे ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाही. मांडवी आणि जुवारी ओलांडून ज्यांचे बालपण गेले त्यांना वल्ह्याचा पाण्यातील आवाज ओळखीचा आहे. परंतु आंतरराष्ट्रीय शर्यतीची नौका आपल्या होडीहून फार निराळी असते. एकट्याने चालवावयाची नौका सुमारे आठ मीटर लांब, रुंदीला जेमतेम माणूस बसेल एवढी, आणि वजनाला केवळ चौदा किलोच्या आसपास असते. काही प्रकारांत प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असतात, काहींत एकच मोठे वल्हे असते. आठ जणांच्या नौकेत सुकाणू सांभाळणारा नववा माणूस बसतो. बाकीचे आठही जण गंतव्याकडे पाठ करून बसलेले असतात. जागतिक स्पर्धांचे प्रचलित अंतर दोन हजार मीटर असून पाण्यावर तरत्या खुणांच्या माळा लावून सहा वाटा आखलेल्या असतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या वेळी आल्बानो सरोवरावर ही आखणी वापरली गेली, म्हणून तिला त्या सरोवराचे नाव मिळाले.

अशा स्पर्धेस 'रेगाटा' म्हणतात. हा शब्द व्हेनिसचा. त्या नगरीत नावाड्यांच्या शर्यती शतकानुशतके होत आल्या आहेत. इंग्लंडातही या खेळाचा आरंभ नावाड्यांनीच केला. लंडनमध्ये टेम्स नदीवर पूल थोडे होते, आणि माणसे पैलतीरी पोहोचविण्यावर हजारो नावाड्यांचे पोट चालत असे. १७१५ साली टॉमस डॉगेट नावाच्या नटाने, पहिल्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ, उमेदवारी नुकतीच संपविलेल्या तरुण नावाड्यांसाठी एक शर्यत सुरू केली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत जो प्रथम पोहोचेल त्याला एक कोट आणि चांदीचा बिल्ला मिळे. ही शर्यत आजही चालू आहे. म्हणजे इंग्लंडातील वल्हवण्याच्या शर्यतींची सर्वांत जुनी अखंड परंपरा ही मजुरी करणाऱ्या माणसांची आहे.

सुशिक्षितांनी हा खेळ हाती घेतला तो पुढच्या शतकात. १८२९ साली ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत हेन्ले या टेम्सकाठच्या गावी झाली. दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच गावच्या लोकांनी सभा भरवून वार्षिक नौकास्पर्धा सुरू केली. १८५१ साली राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट तिचे आश्रयदाते झाले आणि स्पर्धेच्या नावामागे 'रॉयल' हे पद लागले. आठ जणांच्या नौकेसाठी ग्रँड चॅलेंज कप आणि एकट्या नाविकासाठी डायमंड स्कल्स ही तिची दोन मुख्य पारितोषिके होत. तिचा कारभार पाहणारे मंडळ आपले नवे सभासद स्वतःच निवडते. आमच्या वाचकांना महाजनकीची व्यवस्था ठाऊक असल्यामुळे अशा मंडळाची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यांच्या सहज ध्यानात येतील.

त्याच काळात नदीवर दुसरे एक जग नांदत होते. ते धंदेवाईक वल्हवणाऱ्यांचे. न्यूकॅसलजवळच्या टाइन नदीवरील हॅरी क्लॅस्पर या कष्टकरी नावाड्याने १८४० नंतरच्या दशकात नौकेच्या बाहेर काढलेल्या लोखंडी आधारावर वल्हे टेकविण्याची युक्ती परिपूर्ण केली. त्यामुळे नौका अरुंद करूनही वल्ह्याची तरफ लांब ठेवता येऊ लागली. १८४६ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनीही तीच युक्ती उचलली. १८६७ साली पॅरिसच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने सीन नदीवर आंतरराष्ट्रीय रेगाटा झाला. तेथे कॅनडातील सेंट जॉन गावचे चौघे उतरले. त्यांतले तिघे मच्छीमार होते, एक दीपगृहाचा राखणदार. सुकाणूवाल्याशिवाय वल्हवीत त्यांनी नामांकित संघांना मागे टाकले. १८७१ साली त्याच चौघांशी झुंज देण्यास टाइनचा जेम्स रेनफोर्थ समुद्र ओलांडून गेला आणि शर्यत चालू असतानाच कोसळून मरण पावला. १८८० साली टोरोंटोच्या नेड हॅनलनने टेम्सवर ऑस्ट्रेलियाच्या एडवर्ड ट्रिकेटला हरविले, तेव्हा तीरावर लोटलेल्या समुदायाच्या पैजांत मोठमोठ्या रकमा फिरत होत्या.

येथे वाद उत्पन्न झाला. पैजेसाठी वल्हविणारा आणि हौसेसाठी वल्हविणारा यांना एकाच शर्यतीत उतरू द्यावे काय? प्रश्न गैर नव्हता. जेथे पैजा लागतात तेथे शर्यत विकली जाण्याची भीती असते. आणि ज्याचा दिवस नावेतच जातो त्याच्यापुढे पुस्तकात डोके घातलेला विद्यार्थी कमी पडणार हेही उघड आहे. म्हणून १८७८ साली क्लबांच्या प्रतिनिधींनी 'हौशी' या शब्दाची व्याख्या ठरविली. सैन्यातील, आरमारातील किंवा मुलकी खात्यातील अधिकारी, प्रतिष्ठित पेशांतील मनुष्य, विद्यापीठाचा अगर नामांकित शाळेचा विद्यार्थी, किंवा ज्यात कारागीर व धंदेवाईक नाहीत अशा क्लबाचा सभासद, तो हौशी. पुढल्याच वर्षी, १८७९ मध्ये, हेन्लेच्या कारभाऱ्यांनी आपली स्वतंत्र व्याख्या केली. तिची रचना नकारात्मक होती: अमुक अमुक मनुष्य हौशी समजला जाणार नाही.

तिची पाच कलमे अशी. रोख रकमेसाठी किंवा पैजेसाठी खुल्या शर्यतीत उतरलेला मनुष्य हौशी नव्हे. बक्षिसासाठी धंदेवाईकाबरोबर किंवा त्याच्याविरुद्ध शर्यत केलेला नव्हे. शारीरिक कसरती शिकवून पोट भरलेला नव्हे. नावांच्या कामावर मजुरी घेतलेला नव्हे. आणि पाचवे: जो मजुरीने यंत्रकारागीर, कसबी कारागीर किंवा मजूर आहे अथवा पूर्वी कधी होता, तोही नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे ह्या पाच कलमांत एक मूलभूत भेद आढळतो. पहिल्या चार कलमांचा प्रश्न असा आहे की, तू वल्ह्याच्या किंवा खेळाच्या संबंधात काय केलेस? पैज लावलीस काय, बक्षीस घेतलेस काय, नावेवर मजुरी केलीस काय? ही कलमे कडक असतील, क्वचित अन्यायकारकही असतील, पण त्यांचा रोख मनुष्याच्या कृतीकडे आहे आणि त्या कृतीचा खेळाशी काही एक संबंध आहे. पाचव्या कलमाचा प्रश्न निराळा आहे. ते विचारते, तू कोण आहेस? ज्याने आयुष्यात एकही पैज लावली नाही, एक शिलिंगही बक्षीस घेतले नाही, केवळ भिंती बांधून, लाकूड रंधून किंवा लोखंड ठोकून पोट भरले, त्याचाही ह्या कलमाने खेळातला हक्क गेला. आणि 'पूर्वी कधी होता' ह्या तीन शब्दांनी तो कायमचा गेला. मजुरी सोडली तरी डाग जात नाही, असा त्याचा अर्थ.

ह्या कलमाच्या समर्थनार्थ त्या काळी एक युक्तिवाद होत असे, आणि त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंगमेहनतीने ज्याचे बाहू घडले त्याला बसून काम करणाऱ्यावर अयोग्य सरशी मिळते, असे म्हणत. हा युक्तिवाद क्षणभर मान्य केला तरी दिवसाचे बारा तास मेहनत करून संध्याकाळी वल्हे धरणारा अधिक ताजातवाना असतो, की दुपारपासून नदीवर सराव करणारा विद्यार्थी, हे आमच्या वाचकांनीच ठरवावे. शिवाय खरा हेतू बळाच्या समतेचा असता तर शेतावर राबणाऱ्या जमीनदाराच्या मुलालाही बंदी हवी होती. ती नव्हती, कारण तो मजुरीवर नव्हता. कलमाची कसोटी श्रमाची नसून वेतनाच्या श्रमाची, म्हणजे दर्जाची होती.

इंग्लंडातही हे सर्वांना रुचले होते असे नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या हौशी वल्हवणाऱ्यांच्या मध्यवर्ती संघाने हेन्लेचीच व्याख्या पुढे चालविली आणि १८८६ साली तीत हलक्या नोकरीचाही उल्लेख घातला. त्याविरुद्ध १८९० साली दुसरा राष्ट्रीय संघ निघाला. मजुराला हौशी मानणारा हा संघ उभारण्यात डॉ. एफ. जे. फर्निव्हल हे पुढे होते. इंग्रजी भाषेच्या ऐतिहासिक कोशाच्या आरंभीच्या कामात ज्यांचा वाटा होता तेच हे विद्वान. त्यांनी १८९६ साली हॅमरस्मिथ येथे मुलींसाठी नौकानयनाचा क्लबही काढला. शब्दांच्या व्याख्या करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला 'हौशी' ह्या शब्दाची ही व्याख्या सहन झाली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

दरम्यान युरोपच्या मुख्य भूमीवर दुसरे पाऊल पडले. २५ जून १८९२ रोजी इटलीतील तुरीन येथे फ्रान्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, इटली आणि त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या त्रिएस्ते बाजूचे आड्रियाटिक प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी वल्हवणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्याचे फ्रेंच आद्याक्षरांवरून झालेले नाव 'फिसा'. संस्थापकांत इंग्लंड नव्हते. पुढल्याच वर्षी, १८९३ मध्ये, इटलीतील ओर्ता सरोवरावर युरोपीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा झाली. तीत एकट्याची नौका, सुकाणूवाल्यासह चौघांची नौका आणि आठ जणांची नौका असे तीनच प्रकार होते. आजची जागतिक स्पर्धा ही ह्या लहानशा सरोवरावरील मेळाव्याचीच वंशज आहे.

आता त्या पाचव्या कलमाच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकरणाकडे वळू. जॉन केली हा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरचा आयरिश वंशाचा मनुष्य. तारुण्यात त्याने गवंडीकाम केले होते. पुढे तो विटांच्या बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला. १९२० साली त्याने हेन्लेच्या डायमंड स्कल्ससाठी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. नकाराची दोन कारणे सांगितली जातात. एक, तो ज्या व्हेस्पर क्लबाचा सभासद होता त्याच्यावर हेन्लेने १९०६ पासून बंदी घातली होती, कारण १९०५ च्या दौऱ्याचा खर्च त्या क्लबाने लोकांच्या वर्गणीतून भागविला होता. दुसरे, त्याने हातांनी गवंडीकाम केले होते. वर्गणी काढून उत्सव करणाऱ्या आमच्या वाचकांना पहिले कारणही विचित्र वाटेल. पण ते निदान क्लबाच्या वर्तनाबद्दल होते. दुसरे केवळ ह्या मनुष्याच्या हातांबद्दल होते.

त्याच उन्हाळ्यात बेल्जियममध्ये ऑलिंपिक सामने झाले. तेथे केलीला हौशी मानण्यात कोणासही अडचण वाटली नाही. एकट्याच्या शर्यतीत अंतिम फेरीला त्याच्यासमोर इंग्लंडचा जॅक बेरेसफोर्ड होता, आणि बेरेसफोर्डने त्याच वर्षी डायमंड स्कल्स जिंकले होते. केलीने त्याला सुमारे एका सेकंदाने हरविले. थोड्याच वेळाने पॉल कॉस्टेलो या सोबत्याबरोबर त्याने दोघांच्या नौकेचेही सुवर्णपदक घेतले. हेन्लेच्या कारभाऱ्यांवर याचा काही परिणाम झाला असे दिसत नाही. कलम तसेच राहिले.

ते हलले सोळा वर्षांनी. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकसाठी निघालेला ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा संघ वाटेत हेन्लेस आला. हे सर्व न्यू साउथ वेल्सचे पोलीस शिपाई. त्यांनाही हौशी मानण्यात आले नाही. साम्राज्याच्याच एका देशाचा ऑलिंपिक संघ, आणि कायद्याची राखण करणारे लोक. त्यांना अंगमेहनतीच्या सबबीवर दारातून परत पाठविणे इंग्लंडातील पुष्कळांनाही लाजिरवाणे वाटले. पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, मध्यवर्ती संघाने आपल्या व्याख्येतून कारागीर व मजुरांचा उल्लेख काढून टाकला आणि हेन्लेनेही तीच वाट धरली. दोन परस्परविरोधी संघ मात्र एक होण्यास १९५६ साल उजाडावे लागले.

यानंतरचा इतिहास वेगाने पुढे जातो. १९४७ साली डायमंड स्कल्स जिंकणाऱ्याचे नाव होते जॉन केली. १९२० साली परत पाठविलेल्या गवंड्याचा मुलगा. त्याने १९४९ साली ते पुन्हा जिंकले. १९५४ साली ग्रँड चॅलेंज कप घेऊन गेला तो सोव्हिएत संघातील विमान कारखान्यांच्या कामगारांच्या क्रीडासंस्थेचा संघ. त्याच वर्षी स्त्रियांसाठी युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा रीतसर सुरू झाल्या. १९६२ साली स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे रोट्झे सरोवरावर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सोव्हिएत संघाचा व्याचेस्लाव इव्हानोव्ह एकट्याच्या नौकेचा पहिला जगज्जेता ठरला. स्त्रियांना जागतिक स्पर्धेत १९७४ साली, ऑलिंपिकमध्ये १९७६ साली आणि हेन्लेच्या पूर्ण दर्जाच्या शर्यतीत १९९३ साली स्थान मिळाले. केलीची मुलगी ग्रेस अभिनेत्री म्हणून गाजली आणि १९५६ साली मोनाकोची प्रिन्सेस झाली. १९८१ साली हेन्लेची पारितोषिके तिच्याच हस्ते वाटण्यात आली. चौघी स्त्रियांच्या एका शर्यतीचा चषक तेथे तिच्या नावाने दिला जातो.

ह्या जागतिक स्पर्धांतील एका प्रथेचा उल्लेख वकील म्हणून आम्हांस करावासा वाटतो. पहिल्या फेरीत मागे पडलेल्या नौकांना पुन्हा एक शर्यत देऊन पुढे जाण्याची संधी देण्याची पद्धत ह्या खेळात दीर्घकाळ चालली. तिचे फ्रेंच नाव 'रेपेशाज', म्हणजे बुडालेल्यास पुन्हा बाहेर काढणे. वारा एका वाटेवर अधिक असू शकतो, पहिलाच झपाटा चुकू शकतो, म्हणून एकाच निकालावर माणसाचा निवाडा करू नये, हा तिच्यामागील विचार. आमच्या भाषेत हे अपील होय. पाण्यावर हरलेल्याला अपील देणाऱ्या ह्याच खेळाने पाण्यापर्यंत पोहोचू न दिलेल्या माणसाला साठ वर्षे अपील दिले नव्हते.

आता आपल्या प्रदेशाशी ह्या कथेचा जो खरा संबंध येतो तो सांगून हा लेख पुरा करू. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुका अवर्षणाचा. तेथील तळेगाव रोही या गावचे दत्तू भोकनळ यांनी लहानपणी वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केले. पाणी लागावे म्हणून जेथे खडक फोडावा लागतो तेथला हा मुलगा २०१२ साली सैन्यात जवान म्हणून दाखल झाला आणि पुण्यात लष्कराच्या केंद्रावर वल्हवावयास शिकला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरलेले ते एकमेव भारतीय होते. एकट्याच्या नौकेत त्यांनी जगात तेरावे स्थान मिळविले. २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धांत स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासह त्यांनी चौघांच्या नौकेचे सुवर्णपदक जिंकले. १८७९ चे कलम पुढे ठेवून पाहावे. विहिरी खोदणारा मजूर, म्हणून पाचव्या कलमाने बाद. १८७८ ची व्याख्या लावली तर सैन्यातला खरा, पण अधिकारी नव्हे, म्हणून तेथेही बाद. ह्या मनुष्याच्या बाहूंत काय आहे हे विचारण्याची वेळच आली नसती.

इंग्रजांच्या ह्या कलमास हसणे सोपे आहे. पण ज्या नाशिक जिल्ह्यातून दत्तू भोकनळ आले त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दारी सत्याग्रह सुरू झाला आणि त्या सत्याग्रहींसाठी दार उघडले गेले नाही. पंढरपूरचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणास बसावे लागले, आणि मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच साली झाला. केलीच्या मुलाने डायमंड स्कल्स जिंकले तेही हेच साल. हेन्लेच्या कारभाऱ्यांनी दार लावले ते एका खेळाचे. आमच्याकडे ज्याचे दार लावले होते तो सर्वांचा देव. तेथेही 'काय केलेस' असे कोणी विचारले नव्हते. 'कोण आहेस' एवढेच विचारले होते.

आम्ही पाहिलेल्या एका मंडळाच्या घटनेत उत्सवाच्या पालखीला खांदा देण्याचा अधिकार कोणास, याचे एक कलम होते. ते लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. शिस्त राहावी, गोंधळ होऊ नये, एवढाच हेतू त्यांनी आम्हांस सांगितला, आणि तो खरा होता. आम्ही त्यांना हीच हेन्लेची हकीकत सांगितली आणि कलमातील चार अटी ठेवून पाचवी गाळावी असे सुचविले. मद्यपान केलेला नसावा, वेळेवर हजर असावा, सोवळ्याचे नियम पाळणारा असावा, कारभाऱ्यांचे ऐकणारा असावा. ह्या अटी ठेवल्या. घराण्याची अट काढावी की नाही यावर त्यांची सभा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी ती निघाली, पण एका मताने.

ते एक मत कोणाचे होते हे आम्ही विचारले नाही. पुढल्या उत्सवात पालखी नेहमीच्याच वाटेने, नेहमीच्याच वेळी, नदीवर पोहोचली.